तीन बारवर काटा

कोल्हापूरच्या उद्यमनगरातलं गॅरेज. समोर २००२ सालची होंडा सिटी व्हीटेक, बॉनेट उघडलेलं. आत दीड लिटरचं, १०६ अश्वशक्तीचं इंजिन. मिस्त्री अजून पान्याला हात लावत नाहीत. फ्युएल रेलच्या टोकाला प्रेशर रेग्युलेटर आहे. त्याच्या डोक्यावरची व्हॅक्यूमची बारीक नळी ते ओढून काढतात, टोक हुंगतात आणि माझ्यापुढे धरतात. पेट्रोलचा भपकारा येतो.

या नळीत हवेशिवाय काहीही असता कामा नये. रेग्युलेटरच्या आतला रबरी पडदा फाटलाय आणि पेट्रोल तिथून थेट इनटेकमध्ये शिरतंय. काळा धूर, घसरलेलं ॲव्हरेज, गरम इंजिन पुन्हा चालू करताना वारंवार मारावा लागणारा सेल्फ, सगळ्याचं मूळ इथे. वीस वर्षांहून जास्त काळ इंजिनाच्या धगीत या पडद्याने साथ दिली, हे माझ्या मते थोडं नव्हे.

गाडीचा मालक पंचविशीतला. त्याने बाहेरचा, स्क्रूने दाब कमीजास्त करता येणारा ॲल्युमिनियमचा रेग्युलेटर आणलाय.

"मामा, चार बारवर ठेवा की. पिकअप वाढंल."

"आधी बसवू तरी दे, भावा."

पंपाचा फ्यूज मघाशीच काढलाय. इंजिन चालू करून, उरलेलं पेट्रोल जाळत ते आपोआप बंद पडेपर्यंत मिस्त्री थांबले होते. आता बॅटरीची निगेटिव्ह वायरही सोडतात. हाताखालचा पोरगा आग विझवायचा सिलिंडर घेऊन शेजारी उभा. मला ही शिस्त फार मोलाची वाटते. घाईत थेट पाइप उपटला, तर दाबाखालचं पेट्रोल फवाऱ्यासारखं उडतं आणि तापलेला एक्झॉस्ट हातभर अंतरावर असतो.

खाली फडका धरून दहाच्या पान्याने दोन बोल्ट सुटतात, जुना रेग्युलेटर हातात येतो. मिस्त्री टॉर्च मारून रेलच्या तोंडात बघतात. जुनी ओ-रिंग तिथेच चिकटलेली आहे. तिच्यावर दुसरी बसवली असती तर जोड गळलाच असता. ती अलगद उचलून ते तोंड पुसतात, नव्या ओ-रिंगला इंजिन ऑइलचं बोट लावतात आणि ॲडॅप्टर बसवतात.

पोरगा टेफ्लॉन टेपचं रीळ काढतो. मिस्त्री ते त्याच्या हातातून काढून घेतात. "हितं टेप न्हाई, लेका. तिचा कण सुटला तर सरळ इंजेक्टरात जाऊन बसंल." पाइपांच्या फिटिंगमध्ये धातूचा उतार धातूच्या उतारावर दाबून बसतो, त्याला आणखी काही नको. फक्त दाब दाखवणाऱ्या गेजच्या निमुळत्या आट्यांना पेट्रोलला टिकणारं सीलंट लागतं, तेही पहिल्या दोन आट्या कोरड्या ठेवून.

पाइप घेताना ते त्यावरचा छाप वाचतात: एसएई जे-३० आर-९. इंजेक्शनच्या दाबासाठीचा पाइप. कार्ब्युरेटरचा स्वस्त पाइप इथे चालत नाही, आणि पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळत असताना तर रबराबाबत हयगय नकोच. या इंजिनाचा एक्झॉस्ट पुढे, रेडिएटरकडे आहे. म्हणून रेग्युलेटर मागे, फायरवॉलच्या पत्र्यावर जातो.

फ्यूज आणि बॅटरी पुन्हा जोडून, इंजिन चालू न करता चावी दोन-तीनदा ऑन. दरवेळी पंप क्षणभर गुणगुणतो, रेल भरते. प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू फिरतो. एका क्लॅम्पपाशी तो ओला होतो. क्लॅम्प अर्धा फेर आवळला जातो. पुन्हा चावी, पुन्हा टिश्यू. कोरडा.

आता इंजिन चालू. व्हॅक्यूमची नळी काढून तिच्या तोंडात एक बोल्ट खुपसलाय. ॲलन की सावकाश फिरते तसा काटा चढतो आणि तीन बारवर, म्हणजे साडेत्रेचाळीस पीएसआयवर थांबतो. लॉकनट आवळताना स्क्रूही किंचित फिरतो, काटा पुढे सरकतो. मिस्त्री नट ढिला करून पुन्हा पहिल्यापासून लावतात. मग नळी जोडतात. काटा दोन पूर्णांक चारवर उतरतो.

"मामा, कमी झालं की!"

"व्हायलाच पायजे."

सगळी गोम इथेच आहे. आयडलवर इनटेकमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे ०.६ बारने कमी असतो आणि इंजेक्टर त्याच पोकळीत पेट्रोल सोडतो. मागून २.४ चा रेटा, पुढून ०.६ ची ओढ, म्हणजे फरक तीनच. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल मापत नाही. इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा एवढंच ठरवतो. दोन्हीकडच्या दाबांतला फरक ढळला नाही तरच त्याचा हिशेब खरा ठरतो. तो फरक राखणं एवढंच रेग्युलेटरचं काम. मिस्त्री रेस देतात. काटा तीनकडे उसळतो आणि पाय सुटताच परत येतो.

चार बारचं काय? दाब तिसऱ्या हिश्शाने वाढवला तरी पेट्रोल सुमारे पंधरा टक्केच वाढतं, कारण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. संथ चालीत ऑक्सिजन सेन्सर ते जादा पेट्रोल ओळखतो आणि ईसीयू इंजेक्टरचा वेळ कमी करतो. पूर्ण थ्रॉटलला ईसीयू सेन्सरकडे बघत नाही. तेव्हा जादा पेट्रोल प्लग काळे करतं, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतं. शिवाय दाब वाढला की पंपाचा पुरवठा घटतो. टर्बो बसवून ईसीयूचा मॅप नव्याने लिहिला असता, तर वेगळा विचार करता आला असता.

"मग स्क्रू कशाला दिलाय?" मालक विचारतो.

"मोजून लावायला."

इंजिन बंद होतं. मिस्त्री गेजकडे बघत उभे राहतात. काटा लगेच कोसळला असता तर कुठलातरी इंजेक्टर, पंपातला व्हॉल्व्ह किंवा नवा रेग्युलेटरच दाब सोडतोय असं समजलं असतं. काटा टिकतो. ते लॉकनटवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढतात, म्हणजे नट हलला तर दिसेल, आणि चावी मालकाच्या हातात देतात.

"कागलपतोर जाऊन ये. गाडी गरम असतानाच आण, क्लॅम्प परत बघायचे हायत. आणि वाटंत पेट्रोलचा वास आला तर फुडं जाऊ नगंस, तिथंच बंद कर आन् मला फोन लाव."