कुपीवरचा नंबर

२०२१ मध्ये कोविशिल्ड घ्यायला गेलेल्यांच्या तक्रारी ठरलेल्या होत्या. आज लस नाही, आली तर दहा जण जमेपर्यंत थांबा, आणि टोचून झाल्यावर अर्धा तास बसा. या प्रत्येक थांबण्याला कारण होतं.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये भरलेली कुपी थेट केंद्रावर येत नसे. प्रत्येक बॅचचे नमुने हिमाचलातल्या कसौलीच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेकडे जात आणि तिथून मंजुरी मिळाली की बॅच बाहेर पडे. लशीचं उत्पादन वाढलं, तसा तपासणीचा वेगही वाढायला हवा होता. म्हणून त्याच वर्षी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रालाही हे काम देण्यात आलं.

पुढचा प्रवास २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये. लस गरम होऊन चालत नाही, तशी गोठूनही चालत नाही. साठा राज्याच्या भांडारातून जिल्ह्याला, तिथून आरोग्य केंद्राला जाई.

एका कुपीत दहा डोस. बुचात एकदा सुई गेली की आत जंतू शिरण्याची शक्यता असते, म्हणून चार तासांत कुपी संपवायची, नाहीतर फेकायची. दोघांसाठी उघडली तर आठ डोस वाया जाण्याची भीती. टंचाईत ते कुणाला परवडणार?

आणि अर्धा तास? लशीची तीव्र ॲलर्जी क्वचितच होते, पण झाली तर बहुधा काही मिनिटांतच दिसते. अशा वेळी ॲड्रिनालिनचं इंजेक्शन आणि ते देणारे हात जवळ हवेत. त्यानंतरही गंभीर त्रास झाला, तर जिल्हा समिती चौकशी करते, आणि तिला पहिल्यांदा लागतो तो बॅच नंबर.

त्या नंबरची किंमत प्लेगच्या साथीत कळली होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना शास्त्रज्ञ हाफकिन यांची प्लेगवरची लस टोचली. ती मुंबईत परळला तयार झालेली होती. त्यांतले १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आलं. पण त्या १९ही जणांना एकाच बाटलीतली लस टोचलेली होती, नंबर ५३-एन. बाकी बाटल्यांमधली लस घेतलेल्यांना काही झालं नाही. दोष लशीत नसून त्या एका बाटलीत शिरलेल्या जंतूंचा होता. तरी हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं.

म्हणून लशीचं प्रमाणपत्र जपून ठेवा. त्यावरचा बॅच नंबर तुमच्याच कामाचा आहे.