रंग मिसळू नका, चढवा

राजा रविवर्मा यांनी 1894 मध्ये मुंबईत सुरू केलेला शिळाप्रेस काही काळ घाटकोपरला होता; 1899 च्या सुमारास तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. घरोघरी भिंतीवर आलेल्या लक्ष्मी-सरस्वती या प्रेसच्याच.

छापील कागदाला तैलचित्राची खोली आणायची, तर आधी मूळ चित्र रंगारंगांत सोडवून घ्यावं लागे. प्रत्येक रंगाची चुनखडीची शिळा वेगळी. साधारणपणे फिकट रंग आधी, गडद मागून. शाईचा थर पातळ असल्यामुळे खालचा रंग वरच्यातून दिसे आणि तिसरीच छटा तयार होई. त्या शाईतही उकळलेलं जवसाचं तेलच असे.

रेनेसाँच्या चित्रकारांचं ग्लेझिंग, म्हणजे वाळलेल्या रंगावर पातळ पारदर्शक थर चढवणं, याच तत्त्वावर चालतं. अलिझरिन लाल पांढऱ्यात मिसळला की गुलाबी होतो, कारण पांढरे कण उजेड वरच्यावरच परतवतात. तोच लाल तेलात पातळ करून वाळलेल्या पांढऱ्यावर पसरा. उजेड लाल थरातून खाली जातो, पांढऱ्यावर आपटतो आणि पुन्हा लालमधूनच बाहेर येतो. रंगातून दोनदा गाळला गेल्यामुळे तो लाल गडदही दिसतो आणि उजळही. ‘मोनालिसा’च्या चेहऱ्यावरच्या सावल्या अशाच चढवलेल्या आहेत. 2010 मध्ये फ्रेंच संशोधकांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने मोजलं, तेव्हा काही थर जेमतेम एक-दोन मायक्रोमीटरचे निघाले.

म्हणून सरावासाठी जुनं चित्र उतरवताना दिसेल तो रंग पॅलेटवर जुळवत बसण्यात अर्थ नाही. प्रेसच्या कारागिरासारखं ते आधी सोडवा: वर काय आहे, त्याखाली काय, तळाशी उजेड परतवणारा थर कुठला. मग तळापासून चढवत या.

इथे धीर लागतो. जवसाचं तेल धुतलेल्या कपड्यासारखं वाळत नाही. त्यातून काही उडून जायचं नसतं. ते हवेतला ऑक्सिजन घेतं, तेलाचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि सुरुवातीला तर वजन चक्क वाढतं. बोटाला कोरडा लागलेला थर आतून पुढे कित्येक महिने हलत, आकसत असतो. त्यावर कमी तेलाचा थर दिला, तर तो आधी कडक होतो आणि खालचा हलला की तडकतो. त्यामुळे खालच्या थरात तेल कमी ठेवायचं आणि वर जाताना थोडं थोडं वाढवायचं.