शाळा व्यवस्थापन समितीचे प्रशिक्षण आणि स्थलांतर करणारे पालक

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला आणि त्याच्या कलम २१ अन्वये जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असणे बंधनकारक झाले. तत्पूर्वी ग्रामशिक्षण समित्या होत्या. त्यांत गावातील प्रतिष्ठितांना स्थान मिळे. ज्यांची मुले प्रत्यक्ष शाळेत बसतात त्यांना ते मिळेच, असे नव्हे. नव्या कायद्याने हा क्रम उलटा केला. समितीच्या सभासदांपैकी किमान तीन चतुर्थांश पालक असावेत, निम्म्या जागी स्त्रिया असाव्यात, आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना योग्य प्रमाणात जागा मिळाव्यात, असे त्यात स्पष्ट सांगितले आहे. राज्याच्या नियमांप्रमाणे अध्यक्ष पालकांतून निवडावयाचा, मुख्याध्यापकाने सचिव म्हणून काम पाहावयाचे आणि सभा महिन्यातून किमान एकदा घ्यावयाची. शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे ही समितीची मुख्य कामे होत.

इतका अधिकार हाती असूनही पुष्कळ ठिकाणी समितीचे अस्तित्व इतिवृत्ताच्या वहीपुरते राहते. सभा भरली नाही म्हणून वही घरोघर फिरवून सह्या व अंगठे घेण्याची पद्धत कोणाही शिक्षकास अपरिचित नाही. तिला केवळ शिक्षकाचा आळस म्हणणे अन्यायाचे होईल. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळून, आहाराचा हिशेब लिहून आणि नाना प्रकारची माहिती वर पाठवून उरलेल्या वेळात सभा भरवावी लागते. खरा दोष समितीला जे प्रशिक्षण दिले जाते त्याच्या स्वरूपात आहे. केंद्रशाळेत एक दिवस सर्वांना बोलवावयाचे, शासननिर्णय वाचून दाखवावयाचे, चहा द्यावयाचा व उपस्थितिपत्रक भरून घ्यावयाचे, इतके झाले की प्रशिक्षण झाले असे मानले जाते. सभासदाला त्यातून एवढेच कळते की, आपण कोठेतरी सही करावयाची आहे.

शहापूर व मुरबाड तालुक्यांत ही गोष्ट विशेष जाणवते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर ठाणे जिल्ह्यात आदिवासी वस्तीचा जो मोठा भाग उरला तो मुख्यत्वे या दोन तालुक्यांत आहे. डोळखांब, कसारा, टोकावडे, धसई या बाजूंस शाळा पाड्यापाड्यांवर विखुरलेल्या आहेत. कातकरी, ठाकूर, महादेव कोळी, वारली, कुणबी, आगरी अशा निरनिराळ्या समाजांची मुले तेथे शिकतात. भातसानगर ही वसाहत ज्या धरणाच्या निमित्ताने वसली त्या भातसाचे, तसेच तानसाचे पाणी मुंबईस जाते. आणि त्याच शहापूर तालुक्यातील कित्येक पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. हा विषय पाणीपुरवठ्याचा आहे, शिक्षणाचा नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात असा नियम असताना उन्हाळ्यात सकाळी दहाची सभा ठेवली, तर त्या वेळी त्या स्त्रिया विहिरीवर असतात. आषाढात लावणीच्या दिवसांत सभा ठेवली तर त्या शेतात असतात. मग 'पालकांना आस्था नाही' असा शेरा वहीत पडतो.

याच जिल्ह्याच्या पूर्वीच्या हद्दीत, आता पालघरमध्ये असलेल्या बोर्डी व कोसबाड येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी जे कार्य केले त्याचे स्मरण येथे उपयोगी पडेल. १९४५ साली बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली, आणि पुढे गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मुलांच्या बाबतीत जे तत्त्व त्या काळी मान्य झाले ते त्यांच्या आईबापांच्या बाबतीत अजून पुरते मान्य झालेले नाही. समितीची सभा व तिचे प्रशिक्षण हीदेखील पाड्यावर, संध्याकाळी, कामे आटोपल्यावर, तेथील लोकांच्या बोलीत होऊ शकतात. बोलीचा मुद्दा गौण समजू नये. शासकीय मराठीत विचारलेल्या प्रश्नाला कातकरी बाई बहुधा मान हलवून उत्तर देते. तोच प्रश्न तिच्या शेजारणीने तिच्या बोलीत विचारला, तर ती बोलू लागते.

प्रशिक्षणात काय शिकवावे, याचे उत्तर कागदापेक्षा शाळेच्या आवारात लवकर सापडते. पहिली ते पाचवीच्या मुलास दर दिवशी १०० ग्रॅम तांदूळ व २० ग्रॅम डाळ असे शालेय पोषण आहाराचे प्रमाण ठरलेले आहे. सहावी ते आठवीसाठी ते १५० व ३० ग्रॅम आहे. तेव्हा पहिली ते पाचवीची चाळीस मुले हजर असतील तर चार किलो तांदूळ व आठशे ग्रॅम डाळ शिजली पाहिजे. हा हिशेब निरक्षर आईलाही चटकन समजतो, कारण घरी ती रोज तोच करते. सभासदांपुढे एकदा हजेरीपट उघडावा, मुले मोजावीत, तांदूळ तोलावा. देखरेख या शब्दाचा अर्थ तेवढ्या अर्ध्या तासात स्पष्ट होतो. त्याचप्रमाणे एखाद्या मुलास पुस्तकातील चार ओळी वाचावयास सांगाव्यात. बापाला स्वतःला वाचता येत नसले तरी आपला मुलगा अडखळतो की सरळ वाचतो हे त्याला ऐकून कळते. काही शिक्षकांस यात आपली परीक्षा होते असे वाटते व ते वाटणे स्वाभाविक आहे. परंतु असे वाचन पालकांसमोर नियमाने होऊ लागले की घरी मुलाला पुस्तक हाती घेण्यास सांगणारे कोणीतरी निर्माण होते, हा लाभ त्या अवघडलेपणापेक्षा मोठा आहे. शिक्षक-पालक संघ व माता-पालक संघ यांच्या सभांतही हाच उपक्रम करता येईल. त्यासाठी वेगळी भाषणे योजण्याची गरज नाही.

मात्र या दोन तालुक्यांत समितीची खरी कसोटी लागते ती दिवाळीनंतर. शाळेचा पट ३० सप्टेंबरच्या संख्येवरून धरला जातो आणि त्यावर शिक्षकांची पदे ठरतात. त्या दिवशी बाकावर असलेली कातकरी वाडीतील मुले दिवाळी उलटताच आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात व पावसाच्या तोंडावर परततात. शिक्षकाला हे कळते ते बहुधा सुटीनंतर, झोपडीला कुडाचे दार ओढलेले दिसते तेव्हा. वाडीला मात्र ते फार आधी माहीत असते. पावसाळ्यात घरातील धान्य संपत आले की भट्टीमालकाचा बयाणा घेतला जातो, आणि कोणी घेतला हे गणपतीच्या सुमारास वाडीत सर्वांना ठाऊक झालेले असते. म्हणजे शाळेला जी माहिती सर्वाधिक आवश्यक असते ती त्या वाडीतील सभासदापाशी दोन महिने अगोदर असते. तिचा उपयोग व्हावा म्हणूनच कायद्याने त्याला समितीत बसविले आहे.

ही माहिती विचारण्याचीही एक रीत आहे. बयाणा म्हणजे कर्ज. भरसभेत 'कोणी घेतला' असे विचारले तर कोणी बोलणार नाही, आणि बोलू नये हेच योग्य. 'दिवाळीनंतर कोणते मूल कोणापाशी राहील' असा प्रश्न करावा. काही मुलांची आजी वाडीतच राहते. अधिनियमाच्या दृष्टीने ज्याच्याकडे मुलाचा सांभाळ व ताबा असतो तोही पालकच होय. तेव्हा अशा आजीस समितीवर घेण्यास कायद्याची अडचण नाही. तशी एखादी आजी सभासद असली म्हणजे दिवाळीनंतरच्या सभांना वाडीचा प्रतिनिधी मिळतो; एरवी निवडलेले सभासदच भट्टीवर गेल्यामुळे समिती अर्धी होऊन बसते. मराठवाड्यात ऊसतोडणीस जाणाऱ्यांच्या मुलांसाठी जी हंगामी वसतिगृहे निघाली, त्यांची व्यवस्था शाळा व्यवस्थापन समित्यांकडे होती, हेही सभासदांना सांगण्याजोगे आहे. मुलाला गावी ठेवण्यासाठी समिती काही करू शकते, एवढे तरी त्यांना त्यावरून दिसेल.

जी मुले जाणारच, त्यांच्यासाठी शिक्षण हमी पत्रक आहे. ते भरून देणे हे केवळ लेखनिकाचे काम समजू नये. भट्टी भिवंडीकडे आहे की कल्याणकडे, जवळचे गाव कोणते, हे सभासदाकडून समजून घेऊन तेथील शाळेच्या मुख्याध्यापकास आधी कळविले, तर पत्रकाचा उपयोग होतो. नाहीतर ते आईच्या पदराच्या गाठीत तसेच परत येते. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणे कलम ९ अन्वये स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, म्हणून समोरच्या शाळेने प्रवेशास नकार देण्याचे कारण नाही. भट्टीजवळ शाळाच नसेल तर प्रश्न कठीण होतो. याच पट्ट्यात विधायक संसदेने भट्टीवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा चालविल्या होत्या, त्या याच अडचणीतून निघाल्या. जून महिन्यात मूल परत आल्यावर त्याला वयानुरूप वर्गात बसवून मागे पडलेला अभ्यास भरून काढण्याची तरतूद कलम ४ मध्ये आहे. त्याचे नाव पटावरून कमी करण्याची घाई शिक्षकाने करू नये.

यासाठी सप्टेंबरची सभा ही वर्षातील सर्वांत महत्त्वाची सभा समजून ती कातकरी वाडीतच घ्यावी. तीत होणारी यादी इतिवृत्तात मुलाचे नाव, इयत्ता, तो कोणापाशी राहणार अथवा कोठे जाणार आणि त्याची जबाबदारी कोणत्या सभासदाने घेतली अशा चार रकान्यांत लिहावी. नोव्हेंबरच्या सभेस सभासद थोडे असले तरी तीच यादी पुन्हा वाचावी, आणि ज्या नावासमोर मूल कोठे आहे हे कोणालाच सांगता येणार नाही त्या घरी दुसऱ्या दिवशी शिक्षकाने व एका सभासदाने मिळून जावे.