अमीन सयानींची सोपी बोली आली कुठून? आईच्या ‘रहबर’मधून!

गोंदिया जिल्ह्यात एका बाजारात उभं राहिलं की चार-पाच बोली कानावर पडतात. सालेकसा-देवरीकडं गोंडी आणि छत्तीसगढी, तिरोडा-आमगावकडं पवारी, कचेरीत मराठी, दुकानात हिंदी आणि आपल्या मोहल्ल्यांत उर्दूच्या लहेजातली हिंदी. अशा भागात रेडिओवरचा माणूस सगळ्यांना सारखाच कळणं सोपं नव्हतं. तरी आमच्याकडची जुनी माणसं बुधवारी रात्री आठ वाजता ‘बिनाका गीतमाला’ लावायची, तेव्हा अमीन सयानी काय म्हणाले हे कुणाला विचारावं लागत नसे.

लोक म्हणतात, आवाजाची देणगी होती. होतीच. पण आम्हाला वाटतं, त्यांच्या आवाजाचं कौतुक खूप झालं, भाषेचं मात्र कमी झालं. ती भाषा त्यांनी मेहनतीनं कमावली होती.

21 डिसेंबर 1932 रोजी मुंबईत एका गुजराती भाषक मुस्लिम घरात त्यांचा जन्म झाला. वडील डॉ. जान मोहम्मद सयानी. आई कुलसुम सयानी प्रौढ साक्षरतेसाठी वस्त्या-वस्त्यांत फिरायच्या. 1940 मध्ये त्यांनी ‘रहबर’ नावाचं पाक्षिक काढलं. नव्यानं वाचायला शिकलेल्यांसाठी ते देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत निघायचं. लिपी तीन, पण बोली एकच: साधी हिंदुस्तानी. या कामाला गांधीजींचं पाठबळ होतं. हिंदी-उर्दूची भिंत पाडायची तर आधी शब्द सोपे हवेत, हा त्यामागचा विचार. शाळकरी वयापासून अमीन या पाक्षिकाच्या कामात आईला मदत करत. नुकतंच अक्षर ओळखू लागलेल्या माणसाला अडेल असा शब्द लिहायचा नाही, ही शिकवण तिथली.

रेडिओवर त्यांना आणलं थोरले भाऊ हमीद सयानी यांनी. सुरुवात आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर, तीही इंग्रजी कार्यक्रमांतून. हिंदीची चाचणी दिली तेव्हा उच्चारांत गुजराती-इंग्रजीची छाप आहे म्हणून त्यांना नाकारलं गेलं. ज्यांची हिंदुस्तानी पुढं देशभर ऐकली गेली, त्यांची ही सुरुवात!

मग 1952 साल उजाडलं. बी. व्ही. केसकर माहिती व प्रसारण मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली. नागपूर केंद्र 1948 पासून सुरू होतं, पण ही गाणी ऐकायची तर काटा रेडिओ सिलोनकडं फिरवावा लागे. श्रीलंकेतला आवाज विदर्भात पोचायचा तो लघुलहरींमुळं. या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून शेकडो मैल दूर उतरतात. म्हणूनच आवाज कधी स्वच्छ यायचा, कधी खरखरत.

3 डिसेंबर 1952 रोजी गीतमाला सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, फिती कोलंबोला जायच्या. संहिता लिहिणं, निर्मिती, निवेदन आणि पत्रं वाचणं, सगळं सयानींकडं. मानधन आठवड्याला 25 रुपये. सुरुवातीला सात गाणी वाजायची आणि श्रोत्यांनी त्यांचा क्रम लावून पाठवायचा. पहिल्याच भागाला 9,000 पत्रं आली, पुढं हा आकडा आठवड्याला 65,000 वर गेला. म्हणून स्पर्धा बंद करून लोकप्रियतेनुसार गाण्यांच्या ‘पायदान’ची पद्धत आली. आणि एक बारीक गोष्ट: त्यांच्या हाकेत ‘बहनों’ आधी यायच्या, ‘भाइयों’ नंतर.

आकाशवाणीनं 1957 मध्ये विविध भारती सुरू केली. 1967 मध्ये तिच्यावर जाहिराती आल्या त्या मुंबई, पुणे आणि आपल्या नागपूरपासून. गीतमाला स्वतः विविध भारतीवर आली ती 1989 मध्ये, सिलोनवरच्या छत्तीस वर्षांनंतर. 2009 मध्ये सयानींना पद्मश्री मिळाली. 20 फेब्रुवारी 2024 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं.

त्यांच्या कामाची यादी निघाली की गाण्यांपुढं कुणी जात नाही. पण आकाशवाणीसाठी त्यांनी ‘स्वनाश’ ही एड्सवरची तेरा भागांची मालिकाही केली. खऱ्या रुग्णांच्या कहाण्यांवर ती बेतलेली होती, डॉक्टर आणि समाजसेवकांच्या मुलाखती त्यात होत्या. या रोगाचं नाव घरात काढायलाही लोक कचरत, त्या काळात सयानी रेडिओवर त्याबद्दल बोलले. भाषा तीच, ‘रहबर’ची. पुढं अनेक सामाजिक संस्थांनी तिच्या कॅसेट मिळवल्या.