गॅरेजची खोली : भाड्याआधी हक्क

खेड, दापोली, चिपळूण, महाड, म्हसळा, श्रीवर्धन... कोकणातल्या आपल्या कोणत्याही वस्तीत जा, एक चित्र हमखास दिसते. आखाती देशातल्या कमाईवर बांधलेले घर, पुढे अंगण आणि अंगणाच्या कडेला घरापासून सुटे उभे असलेले गॅरेज. बांधले तेव्हा गाडी होती किंवा येणार होती. आता मुलगा दुबईला नाहीतर मुंबईला असतो आणि गाडी विकली गेलेली असते. शटरच्या आत जुनी कपाटे, लग्नातली पातेली आणि उंदीर राहतात.

दुसरीकडे त्याच गावात बदलून आलेला शिक्षक, ग्रामीण रुग्णालयातली परिचारिका, बँकेतला नवा कर्मचारी आणि डी.एड.ला आलेली मुलगी खोली शोधत फिरत असतात. आमच्या शाळेत रुजू होणाऱ्या नव्या शिक्षकांचा पहिला प्रश्न पगाराचा नसतो. “मॅडम, एखादी खोली आहे का?” हाच असतो. त्यामुळे रिकाम्या गॅरेजची खोली करून भाड्याने देण्याचा विचार अनेक घरांत सुरू आहे. घरात कमावता माणूस नसेल, विधवा आई किंवा निवृत्त वडील असतील, तर या भाड्याचा मोठा आधार होतो.

विचार चांगलाच आहे. मात्र गॅरेज गाडीसाठी बांधलेले असते आणि भाडे आपण माणसाकडून घेणार असतो. शटर काढून भिंत घातली आणि रंग दिला म्हणजे ते घर होत नाही. या खोलीशी अनेकांचे हक्क जोडलेले आहेत. ते आधी दिले तर भाडे बरकतीचे, नाहीतर तेच भांडणाचे मूळ.

पहिला प्रश्न : खोली कोणाची?

घर आईच्या किंवा वडिलांच्या नावावर असून ती व्यक्ती हयात असेल, तर निर्णय तिचा. पण वडील वारले, सातबारा किंवा घरपट्टी अजून त्यांच्याच नावावर आहे आणि गावात राहणारा मुलगा गॅरेज दुरुस्त करून भाडे घेतो, असे आपल्याकडे सर्रास चालते. वाटणी झाली नसली तरी वारसांचा हक्क वडिलांच्या निधनाबरोबरच ठरलेला असतो. सासरी गेलेल्या बहिणीचाही त्यात वाटा आहे, आणि वाटा घरात असेल तर तो घराच्या भाड्यातही आहे.

एक उदाहरण पाहू. कर्ज आणि वसियत भागल्यावर वडिलांच्या मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी एवढेच वारस आहेत. खर्च वजा जाता वर्षाचे भाडे ४०,००० रुपये उरते. पत्नीचा आठवा हिस्सा म्हणजे ५,००० रुपये. उरलेल्या ३५,००० चे पाच भाग होतात. प्रत्येक मुलाला दोन भाग म्हणजे १४,००० आणि मुलीला एक भाग म्हणजे ७,००० रुपये. रक्कम लहान वाटेल, पण बहिणीचे सात हजार दरवर्षी न विचारता खर्च करणे ही लहान गोष्ट नाही. तिने आपला वाटा खुशीने आईला दिला तर ते तिचे औदार्य. मात्र “ती काही मागणार नाही” असे भावाने परस्पर ठरवणे म्हणजे खुशी नव्हे. दुरुस्तीला पैसा कोणी घातला आणि तो भाड्यातून कसा फेडायचा, हेही सगळ्यांनी बसून एका कागदावर लिहावे.

दुसरा प्रश्न : परवानगी

नकाशा मंजूर करताना गॅरेज वाहनतळ म्हणून दाखवलेले असते. अनेकदा ते घराभोवती सोडायच्या मोकळ्या जागेत असते आणि चटई क्षेत्रात धरलेलेही नसते. तिथे माणूस राहायला आला की वापर बदलतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही. म्हणून गवंड्याला बोलावण्याआधी परवानाधारक अभियंत्याला मंजूर नकाशा दाखवा. चटई क्षेत्र शिल्लक आहे का, शेजाऱ्याच्या हद्दीपासून पुरेसे अंतर आहे का, गाडीसाठी अंगणात दुसरी जागा दाखवता येते का, हे तो सांगेल. उत्तर “नाही” आले तर तिथेच थांबणे शहाणपणाचे. नोटीस आली तर आपला पैसा जातोच, शिवाय भाडेकरूचा संसार रस्त्यावर येतो.

तिसरा प्रश्न : जोते आणि उंची

राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या घराचे जोते भोवतालच्या जमिनीपासून किमान ४५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण दीड फूट उंच असावे असे म्हटले आहे. गॅरेजसाठी १५ सेंटिमीटर पुरतात, कारण गाडी सहज आत यायला हवी. म्हणजे बहुतेक गॅरेजची जमीन घरापेक्षा फूटभर खाली असते, शिवाय गाडी धुतल्याचे पाणी वाहून जावे म्हणून शटरकडे उतरती असते. कोकणातल्या पावसात या एका फुटाची किंमत मोठी. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण-महाडने जे पाहिले ते विसरता येणार नाही. जिथे पुराचे पाणी चढते तिथे फूटभर भरावाने काही साधत नाही. अशा जागी गॅरेज गॅरेजच राहू द्यावे.

पूररेषेबाहेर असाल तर जमीन उचला. तेल मुरलेला जुना कोबा खरवडून काढा, कारण त्यावर नवे काम नीट धरत नाही. मग मुरूम भरून चांगली धुम्मस करा, ओल चढू नये म्हणून जाड प्लास्टिकचा कागद अंथरा, वर काँक्रीट आणि त्यावर लादी.

पण त्याआधी टेप घेऊन छताची उंची मोजा. राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट हवी. गॅरेज आज नऊ फूट असेल आणि जमीन फूटभर उचलली, तर आठ फूटच उरतात. वर पत्रा असेल तर भिंती चढवून छप्पर उचलता येते. स्लॅब असेल तर उपाय फार कठीण. जुने सिमेंटचे पत्रे मात्र हातोड्याने फोडू नका. त्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असतो आणि त्याची धूळ फुफ्फुसांना घातक असते. पत्रे ओले करून अखंड उतरवावेत.

खोलीची मांडणी

समजा गॅरेज आतून १२ बाय २० फूट आहे. पुढचे १२ बाय साडेअकरा फूट राहण्याची खोली. मध्ये अर्ध्या फुटाची भिंत. मागच्या आठ फुटांच्या पट्ट्यात एका बाजूला ४ बाय ८ चे न्हाणीघर-संडास आणि दुसऱ्या बाजूला साडेसात बाय ८ चे स्वयंपाकघर. एकच राहती खोली असेल तर ती किमान साडेनऊ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०२ चौरस फूट असावी असे संहिता सांगते. इथे १३८ चौरस फूट मिळतात. एकटा माणूस किंवा नवे जोडपे नीट राहू शकते.

आता उजेड-वारा. दमट-उष्ण हवेत दरवाजा सोडून खिडक्यांचे क्षेत्र खोलीच्या सहाव्या भागाइतके हवे, म्हणजे इथे २३ चौरस फूट. एक ४ बाय ४ ची आणि एक २ बाय ४ ची खिडकी दिली की २४ होतात. सोलापूर-औरंगाबादकडच्या कोरड्या उष्ण हवेत दहावा भाग पुरतो, पण तिथे पत्र्याखाली छत घालून मध्ये हवेची पोकळी सोडल्याशिवाय उन्हाळा काढता येणार नाही. दोन खिडक्या समोरासमोरच्या भिंतींत असाव्यात, म्हणजे वारा खेळेल.

खिडकी कुठे उघडते हेही पाहा. ती आपल्या अंगणात उघडली तर घरातल्या बायकांची अडचण, शेजाऱ्याच्या न्हाणीकडे उघडली तर त्यांची. उंचावर खिडकी, खाली जाळी किंवा मध्ये बारीक आडभिंत, असा मार्ग निघतो. भाडेकरूचा दरवाजा रस्त्याकडून वेगळा असणे दोन्ही घरांच्या पडद्यासाठी उत्तम. आणि पडदा भाडेकरूलाही असतो. परक्या घरात विचारल्याशिवाय शिरू नये ही कुरआनची शिकवण आपलीच जागा भाड्याने दिल्यावरही लागू होते. “चावी माझ्याकडेही आहे” म्हणून खोलीत डोकावू नये.

पाणी, वीज आणि गॅस

सुटे गॅरेज सेप्टिक टाकीपासून लांब असते. मैल्याच्या चार इंची पाइपाला साधारण साठ फुटांत एक फूट उतार हवा. म्हणजे टाकी ३० फुटांवर असेल तर अर्धा फूट. एवढा उतार मिळत नसेल तर संडास सतत तुंबेल. अंगण खोदण्याआधी पातळी मोजून घ्यावी.

गॅरेजला बहुधा एका दिव्यापुरती वायर घरातून ओढलेली असते. तिच्यावर पंखा, फ्रिज, मिक्सर चालवणे म्हणजे आगीला आमंत्रण. मुख्य बोर्डापासून वेगळी लाइन, नीट अर्थिंग आणि शॉक लागताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच बसवा. वेगळा मीटर मिळाला तर दरमहा होणारी बिलाची कटकटही टळते.

सर्वात गंभीर इशारा गॅस गिझरचा. चार फूट रुंद बंद न्हाणीघरात गॅस गिझर पेटला की कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. अंघोळीला गेलेला माणूस आतच बेशुद्ध पडतो आणि जीवही जातो. गिझर आणि सिलिंडर दोन्ही बाहेर उघड्यावर ठेवा, नाहीतर विजेचा गिझर द्या. न्हाणीघराला कायम उघडी राहणारी जाळी हवीच.

खर्च कुठून आणायचा?

हिशेब प्रामाणिक मांडा. उदाहरणादाखल, काम चार लाखांत झाले आणि भाडे ४,००० मिळाले तर वर्षाला ४८,००० होतात. मध्ये महिनाभर खोली रिकामी, थोडी डागडुजी, वाढलेली घरपट्टी असे वजा केले की ४०,००० हातात राहतात. म्हणजे पैसे फिटायला दहा वर्षे.

दहा वर्षे ऐकले की कोणीतरी सुचवतो : हेवी डिपॉझिट घ्या. भाडेकरू दोन-तीन लाख देईल, भाडे घ्यायचे नाही किंवा नावापुरते घ्यायचे, त्याच पैशात खोली बांधायची आणि तो जाताना रक्कम परत करायची. मुंबई-भिवंडीत ही पद्धत रुळली आहे. पण आपण खर्च करून टाकतो ती रक्कम अमानत राहत नाही, ती कर्ज होते. कर्जाच्या बदल्यात फुकट किंवा स्वस्त घर मिळाले तर तो कर्जावरचा फायदा झाला. म्हणूनच अनेक मुफ्ती याला सुदी व्यवहार म्हणतात. व्यवहाराच्या अंगानेही धोका आहेच. तीन वर्षांनी रक्कम परत करायची वेळ येईल तेव्हा ती भिंतीत गेलेली असेल. दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत घ्यावी, ती बाजूला ठेवावी आणि भाडे बाजारभावाने ठरवावे. काम टप्प्याटप्प्याने केले तरी चालते. जोते, संडास आणि वीज आधी, रंगरंगोटी शेवटी.

कागद करा

उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकरहच्या २८२ व्या आयतीत आहे. तरी आपल्याकडे “घरचाच माणूस आहे” म्हणून तोंडी व्यवहार होतात. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही हा समजही पसरलेला आहे. तो चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो. जबाबदारी घरमालकाची असते. कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० आणि शहरी भागात १,००० रुपये. नोंदणी ऑनलाइन होते.

करारात भाडे, मुदत, अनामत, विजेचे बिल आणि दुरुस्ती कोणी करायची हे स्पष्ट लिहा. छत गळले, पाइप फुटला तर ते मालकाचे काम. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या. भाडे प्राप्तिकराच्या विवरणात दाखवा. दुरुस्तीपोटी ३० टक्के सरसकट वजावट मिळते. खोलीच्या किमतीवर जकात नाही, पण भाड्यातून साठलेली रक्कम निसाबाच्या हिशेबात धरावी लागते.

थोडक्यात क्रम असा : आधी वारसांची संमती, मग माप आणि परवानगी, मग गवंडी, शेवटी करार. आणि खोली तयार झाली की पहिल्या जोरदार पावसात घरातल्या कोणीतरी एक रात्र तिथे काढावी. स्वयंपाक करावा, अंघोळ करावी, दार लावून झोपावे. आपल्यासाठी जे पसंत करतो तेच दुसऱ्यासाठी पसंत करावे ही शिकवण आपण मुलांना देतोच. सकाळी उठल्यावर “मी इथे वर्षभर राहू शकेन” असे मनापासून म्हणता आले, तर बिनदिक्कत किल्ली भाडेकरूच्या हाती द्यावी.