अतिसंवाहकांचा सांधा

१९११ साली लायडन येथे कामरलिंग ओनेस यांना अतिशीत पाऱ्याचा विद्युत्‌विरोध पार नाहीसा झालेला आढळला. असे विरोधरहित पदार्थ म्हणजे अतिसंवाहक. दोन अतिसंवाहकांमध्ये अर्धसंवाहकाची अरुंद पट्टी सांधली, तीतील इलेक्ट्रॉनांचे परिवलन त्यांच्या गतीशी निगडित असले आणि चुंबकीय क्षेत्र लाविले, तर पट्टीच्या दोन टोकांस एकाच इलेक्ट्रॉनाची जणू दोन अर्धांगे प्रकटावीत, असे गणित सांगते. दोन्हीकडील तरंग परस्परांच्या पुढेमागे सरकविल्यास हे अल्प क्षेत्रातही साधावे. दोन ठिकाणी विभागलेली माहिती एका धक्क्याने सहसा पुसली जात नाही; म्हणून पुंज-संगणकासाठी तिचे मोल. २०१८ मध्ये डेल्फ्टच्या संशोधकांनी अशाच एका सूक्ष्म तारेत त्याची खूण मिळाल्याचे लिहिले. २०२१ मध्ये, फेरतपासणीनंतर, तो निबंध त्यांनीच मागे घेतला. विज्ञानाची पत अशा कबुलीनेच राहते.