सफारीच्या चिखलातले विजेते

जागतिक रॅली अजिंक्यपद १९७३ साली सुरू झालं. त्याच्या पहिल्याच हंगामात पूर्व आफ्रिकेच्या सफारी रॅलीला स्थान मिळालं, तेव्हा तिला वीस वर्षं होऊन गेली होती. त्या वीस वर्षांकडे पाहताना वाटतं, की गाडीच्या वेगाइतकीच मातीची ओळखही मोलाची असते, हे इतक्या कठोरपणे दुसऱ्या कुठल्या स्पर्धेनं शिकवलं नसेल.

१९५३ मध्ये राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकानिमित्त ‘कॉरोनेशन सफारी’ निघाली. केनिया, युगांडा आणि टांगानिका अशा तीन देशांतून तिचा मार्ग जायचा. रस्ते वाहतुकीला खुलेच असत. समोरून ट्रक यायचा, आडवी गुरं यायची, कधी जंगली जनावरं. हिशेब साधा होता. नाक्यावर जितकी मिनिटं उशीर, तितका दंड. ज्याचा दंड सगळ्यांत कमी, तो जिंकला.

पुढे रॅली ईस्टरला ठरून गेली. तिकडे ते मोठ्या पावसाचे दिवस. वाटेत लागणाऱ्या काळ्या मातीला तिथेही ‘ब्लॅक कॉटन सॉइल’च म्हणतात. आपल्या कपाशीच्या रानात पावसाळ्यात रुतलेली बैलगाडी ज्यानं पाहिली आहे, त्याला त्या चिखलाबद्दल वेगळं सांगायला नको. १९६३ साली ८४ गाड्या सुटल्या, शेवटापर्यंत पोचल्या फक्त सात. १९६८ मध्येही सातच. दोन्ही वर्षी पहिला आला निक नोविकी, पजो ४०४ घेऊन.

युरोपातले नामांकित चालक येत राहिले आणि हात हलवत परतत राहिले. कुठला ओढा किती वेळात चढतो, कोरडी दिसणारी वाट आतून कशी ओली असते, हे तिथे राहणाऱ्यालाच कळे. बाहेरच्या चालकाला पहिला विजय मिळायला १९७२ उजाडलं. तो मिळवला फिनलंडच्या हान्नू मिक्कोलानं, फोर्ड एस्कॉर्टमधून.

या स्थानिकांत भारतीय वंशाची माणसं होती, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. केनियात जन्मलेल्या जोगिंदर सिंग यांनी १९६५ मध्ये भाऊ जसवंतला शेजारी बसवून जुन्या व्होल्वोतून रॅली जिंकली. १९७४ मध्ये छोट्या मित्सुबिशी लान्सरनं त्यांनी पोर्शला मागे टाकलं आणि १९७६ मध्ये तिसऱ्यांदा जिंकले. केनियानं त्यांना ‘सिंबा’ म्हटलं. स्वाहिलीत सिंबा म्हणजे सिंह.

आणि १९७३ची ती रॅली! युगांडात जन्मलेला शेखर मेहता डॅटसन २४० झेडमध्ये, तर स्वीडनचा हॅरी क्यॅलस्ट्रॉम दुसऱ्या डॅटसनमध्ये. हजारो किलोमीटर चिखल-धूळ तुडवून दोघं आले, तेव्हा दोघांचा दंड अगदी सारखा भरला. मेहतांनी पुढे १९७९ ते १९८२ सलग चार वेळा सफारी जिंकली, पण या पहिल्या विजयाचा निकाल ज्या नियमानं लागला, तो मला सफारीचं सार वाटतो. सुरुवातीपासून दंड न घेता जो अधिक दूर गेला, तो विजेता. तो मेहता होता.